टुंपाच्या लग्नातलं दोनशे वॅटचं दही

लग्नाला जाताना पर्समध्ये कंगवा, सेफ्टी पिना, रुमाल आणि क्लॅम्प मीटर ठेवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. आमचे हे म्हणतात, "अगं, लोक आहेर घेऊन जातात, तू हत्यार घेऊन जातेस." बोलू देत. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दिवसभर बोलायला काहीतरी लागतंच.

ह्यांची कोलकात्याला बदली झाली तेव्हा मीही इथे आले आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून हीटर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात शिरले. जी चिकटले ती केस पांढरे होईपर्यंत. ऑर्डर आली की हीटर किती वॅटचा, तार केवढी, हे गणित मी करायचं आणि बिघडला की गिऱ्हाइकाच्या शिव्याही मीच खायच्या. त्यामुळे सियालदहपासून न्यू टाउनपर्यंत मला 'हीटर-बौदी' म्हणतात. बौदी म्हणजे वहिनी. सख्ख्या दिराने कधी इतक्या प्रेमाने वहिनी म्हटलं नाही, पण ते असो.

आता तुम्ही म्हणाल, हीटरमध्ये काय एवढं कळायचंय? काही नाही हो. हीटर म्हणजे विजेची वाट अडवणारी तार. अडवलं की वीज तापते, तुमच्या-माझ्यासारखीच. ढकलणारा जोर किती ते व्होल्टमध्ये, वाहणारी वीज किती ते अँपिअरमध्ये. व्होल्टला अँपिअरने भागलं की अडवणूक कळते, तिला आम्ही ओहममध्ये मोजतो. आणि व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट, म्हणजे उष्णता किती मिळणार ते. एक भागाकार, एक गुणाकार. माझी अख्खी नोकरी एवढ्यावर झाली. चौथीतल्या मुलाला येतं ते करून मी पगार घेतला, असं आमच्या ह्यांचं मत आहे.

पण गिऱ्हाइकं? ती चौथीत बसत नाहीत. गार्डन रीचला एका साहेबांच्या घरी आपल्याच नगरच्या एक बाई होत्या. त्यांना पुरणपोळीसाठी विजेचा तवा हवा होता, पण "कडेला जास्त वॅट आणि मध्ये कमी, कारण माझी पोळी मध्ये करपते" अशी अट. म्हटलं, "बाई, पोळी सारखी लाटा, ते जास्त सोपं पडेल." त्यानंतर त्यांनी संक्रांतीला मला तिळगूळ दिला नाही. तवा मात्र मी करून दिला. कडेला तार दाट, मध्ये विरळ. अजून चालतोय, आणि पोळी आता कडेला करपते, असं ऐकते.

न्यू टाउनमधल्या आयटीवाल्या मुलांची तऱ्हा वेगळी. एकाने फोन केला, "काकू, उन्हाळ्यात संध्याकाळी माझा गिझर आळशी होतो." आळशी नाही रे बाबा, सगळी सोसायटी एसी लावते आणि व्होल्टेज पडतं. तो म्हणाला, "पण व्होल्टेज पाचवा हिस्साच पडलं, मग उष्णताही तेवढीच पडायला हवी ना?" तिथेच तर मेख आहे. व्होल्टेज पडलं की तारेतून वाहणारी वीजही त्याच प्रमाणात घटते. दोन घटलेल्या गोष्टींचा गुणाकार, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दोनशे तीसचे एकशे चौऱ्याऐंशी झाले की हजार वॅटचा गिझर साडेसहाशेच्या खाली येतो. पोराने कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कॉलेजला शिव्या दिल्या आणि थंड पाण्याने आंघोळ केली.

पण मला सांगायची आहे ती निमाईबाबूंची गोष्ट. सियालदहजवळच्या एका गल्लीत त्यांचं मिठाईचं दुकान आहे. माणूस भला, पण काळजीचं नुसतं गाठोडं. त्यात थंडीची काळजी सगळ्यात मोठी. कोलकात्यात पारा अठरावर आला की निम्मं शहर माकडटोप्या चढवतं, हे तुम्हाला माहीत आहे. निमाईबाबू ती नवरात्रातच चढवायचे आणि होळीला काढायचे.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, टुंपाचं, माघात लग्न ठरलं. मुलाकडचे लोक नवद्वीपचे. तिथलं लाल दही म्हणजे तिथल्या लोकांचा स्वाभिमान. साखरपुड्याच्या दिवशी मुलाचे काका, गगनबाबू, निमाईबाबूंच्या दुकानात बसून, त्यांचाच संदेश खात म्हणाले, "लग्नाचं दही आम्ही घेऊन येऊ. थंडीत कोलकात्याच्या लोकांचं दही लागत नाही, ते वाहतं."

तीन पिढ्यांच्या मिठाईवाल्याला त्याच्याच गादीवर बसून असं बोलायचं! निमाईबाबूंनी माकडटोपी काढली. इतके चिडले होते. म्हणाले, "दही माझंच असेल. मडकं उलटं धरा. थेंब जरी पडला तर मी मिठाई करणं सोडेन आणि उरलेलं आयुष्य फक्त शिंगाडे तळेन." शिंगाडे म्हणजे आपले समोसे. बंगाली मिठाईवाल्याने ही शपथ घेणं म्हणजे आपल्याकडच्या कीर्तनकाराने यापुढे फक्त अनाउन्समेंट करीन म्हणण्यासारखं आहे. टुंपाची आई तर रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी निमाईबाबू माझ्यासमोर. "बौदी, माझी अब्रू आता तुमच्या हातात."

म्हटलं, घाबरू नका, वॅटचा हिशोब आहे. दुकानामागे त्यांची एक बारकी खोली होती, दह्याची मडकी ठेवायची. तिथे मी चारशे वॅटचे दोन पट्टी हीटर बसवले, शेजारी शेजारी, प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी. दोन्ही मिळून आठशे वॅट. कडाक्याची थंडी पडली तरी खोली झटकन तापावी म्हणून. आणि खोली पुरेशी तापली की वीज आपोआप बंद करायला एक थर्मोस्टॅट. काम चोख होतं. मी स्वतः दोनदा तपासलं आणि निर्धास्त झाले.

लग्नाच्या दिवशी सकाळी हळदीसाठी म्हणून मी पैठणी नेसून, ह्यांना घेऊन निमाईबाबूंकडे पोचले, तर दुकानात सुतकी शांतता. निमाईबाबू मागच्या खोलीच्या दारात उकिडवे बसलेले. "बौदी, शोर्बोनाश!" म्हणजे सर्वनाश.

आत पाहिलं. रात्री लावलेल्या प्रत्येक मडक्यात वर हिरवट पाणी आणि खाली रबरासारखा गोळा. दही नव्हतंच ते, दह्याचं प्रेत होतं. आणि खोलीत अशी धग की माझ्या पैठणीला घाम आला.

पर्समधून वीज मोजायचा मीटर काढला. दोनशे तीस व्होल्ट, साडेतीन अँपिअर. गुणाकार केला, आठशे पाच वॅट. हीटर दोन्ही जोरात. वाट पाहिली, तरी वीज काही बंद होईना. म्हटलं, "थर्मोस्टॅट कुठाय?"

निमाईबाबू खाली बघायला लागले. मग सांगितलं. थर्मोस्टॅट दर थोड्या वेळाने 'टिक्' वाजायचा. दही लागत असताना त्याच्याजवळ आवाज करायचा नाही, मडकं हलवायचं नाही, जोरात खोकायचंसुद्धा नाही, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नियम. त्या 'टिक्'ने दही दचकेल, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिशियनला सांगून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. वायरी सरळ जोडलेल्या. शिवाय वरून मडक्यांवर दोन गोधड्या घातल्या होत्या, थंडी बाधू नये म्हणून.

"अहो, दही काय तान्हं बाळ आहे दचकायला?" मी ओरडले. मला राग आवरत नाही. "आग लागली असती! मी गणित काय केलं आणि तुम्ही काय मांडून ठेवलंत!"

"बौदी, हळू," ते कुजबुजले. "नवीन दूध उकळतंय. ऐकेल."

कपाळाला हात लावला. थर्मोस्टॅट मागितला तर तो सोबत घेऊन इलेक्ट्रिशियन गावी गेलेला. दुसरा आणायचा तर रविवार, बाजार बंद. आणि रात्री आठला पंगत. दहा वाजता दूध लावलं तर दह्याला जेमतेम दहा तास मिळणार होते. नाही लागलं तर निमाईबाबू शिंगाडे तळणार. तेही कायमचे.

डोकं शांत ठेवून हिशोब केला. दिवसा थंडी कमी, खोली तीस अंशांच्या आसपास ठेवायची, म्हणजे दोनशे वॅट पुरे. पण थर्मोस्टॅटशिवाय आठशे वॅटच्या जोडीतून दोनशे कसे काढायचे? एक हीटर बंद केला तरी चारशे. मग मी पैठणीचा पदर खोचला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दोन्ही हीटर एकामागे एक जोडले. एकातून निघालेली वीज दुसऱ्यातून जायची, मगच परत.

निमाईबाबूंना काही पटेना. "दोन्ही चालू, मग उष्णता एकापेक्षा कमी कशी?"

"अहो, आधी दोन दरवाजे होते, आता दोन्ही अडथळे एकाच वाटेवर. अडवणूक एकाची एकशे बत्तीस ओहम होती, आता दोघांची मिळून दोनशे चौसष्ट. वीज वाहणार पाऊण अँपिअरच्या जरा वर. दोनशे तीसने गुणा, दोनशे वॅट. आठशेचा पाव."

मीटर लावला. शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी अँपिअर. बरोब्बर दोनशे वॅट. खरं सांगते, अशा वेळी मला जे वाटतं ते मुलाच्या बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. दूध मडक्यांत ओतलं, विरजण लावलं, वर गोणपाट आणि गोधड्या, आणि दार लोटलं.

दुपारी नवऱ्यामुलाकडून हळद आणि भेटी आल्या. त्यात साडी नेसवलेला, नथ घातलेला एक अख्खा रोहू मासा होता. आमचे हे त्याच्याकडे इतक्या प्रेमाने बघत होते की मी मध्ये जाऊन उभी राहिले. आणि भेटींबरोबर, कुणी बोलावलेलं नसताना, गगनबाबू. रात्रीपर्यंत इथेच थांबणार म्हणाले. अंगात दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला टोपी. आल्या आल्या विचारलं, "दही कुठाय?"

"संध्याकाळी," निमाईबाबू म्हणाले. चेहरा गोणपाटासारखा झालेला.

तीनच्या सुमारास मी सहज मीटर लावला. एकशे सत्तर व्होल्ट! मंडपवाल्याने गल्लीभर रोषणाईची चाचणी सुरू केली होती. माझे दोनशे वॅट घसरून एकशे नऊवर आलेले. हरकत नाही, म्हटलं, एकच हीटर ठेवते, या पडलेल्या व्होल्टेजवरही तो दोनशेच्या वर देईल. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, आणि कोपऱ्यावरच्या खांबाकडून 'फाट्' असा आवाज झाला. गल्लीतले दिवे गेले, गाणी थांबली. मीटरवर शून्य.

फ्यूज बसवणारा माणूस संध्याकाळशिवाय येणार नव्हता. शेगड्या, सिलिंडर, मोठी पातेली, सगळं दोन गल्ल्यांपलीकडच्या लग्नाच्या हॉलवर गेलेलं. जनरेटरही तिकडेच. मडकी उचलून न्यायची सोय नाही, कारण हलवली की दही मोडलं. निमाईबाबूंना कन्यादान करायचं म्हणून उपास होता, त्यात हे. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "टुंपाला सासरी ऐकावं लागेल, बौदी. तुझ्या बापाला दही लावता आलं नाही, म्हणून. जन्मभर."

तेव्हा मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. शिंगाड्यांचं मी हसण्यावारी नेलं होतं. पण बापाचं मन शिंगाड्यात नव्हतंच.

मी दार किलकिलं करून खोलीत डोकावले. ऊब अजून होती, पण ती टिकणार नव्हती. दोनशे वॅट कुठून आणायचे? आणि तेवढ्यात माझं लक्ष आमच्या ह्यांच्याकडे गेलं. दुपारचं जेवण अंगावर आलेलं, खुर्चीत डुलक्या घेत होते. आणि मला आठवलं. स्वस्थ बसलेलं माणूस म्हणजेसुद्धा एक हीटरच की! साधारण शंभर वॅटचा. त्यातली बरीच उष्णता घामात, श्वासात जाते, म्हणून मी माणशी पन्नासच धरले. हिशोबात मी कधीही हात सैल सोडत नाही. दोनशे भागिले पन्नास.

"निमाईबाबू," म्हटलं, "मला चार माणसं द्या."

पहिले आमचे हे. "तुम्हाला झोपायचंय ना? आत झोपा." ह्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. नोकरीत असतानाही असेच असणार. दुसरी टुंपाची आत्या आणि तिसरी मावशी. या दोघी एका जुन्या बनारसीवरून एकमेकींशी बोलत नव्हत्या. निमाईबाबू म्हणाले, दोघी एका खोलीत नको. मी म्हटलं, एकाच खोलीत हव्यात, रागावलेलं माणूस जास्त तापतं. दोघींना शपथ घातली, तोंडातून शब्द काढायचा नाही. बाई गं, काय ते भांडण! आवाज नाही, पण हातवारे, डोळे, नाकं मुरडणं. बनारसीची लांबीरुंदी हवेत मापून झाली. मी दोघींचे मिळून दीडशे वॅट धरायला हरकत नव्हती, पण नाही धरले.

चौथा मिळेना. मी बसणार होते, पण बाहेर फ्यूजवाल्याला फोन कोण करणार? निमाईबाबू उपाशी, शिवाय ते आत बसले असते तर त्यांच्या धडधडणाऱ्या छातीनेच दही फुटलं असतं. एवढ्यात मागून घोगरा आवाज आला. "काय हो, या घरात जरा उबदार जागा आहे का? माझी कंबर धरली."

गगनबाबू!

निमाईबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी निमाईबाबूंकडे पाहिलं. मग तो भला माणूस, जो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, हात जोडून म्हणाला, "बेयाईमोशाय, तुमच्यासाठी आम्ही मुद्दाम एक खोली गरम करून ठेवली आहे." बेयाईमोशाय म्हणजे व्याहीबुवा. "फक्त आत बोलायचं नाही. मुलीच्या आत्याला अर्धशिशी आहे."

गगनबाबू आत गेले. अंधारात गोधड्यांची रास दिसली, तिला पाठ टेकून पाय पसरले, आणि घोरायला लागले. घोरणं म्हणजे काय सांगू, गल्लीतून ट्राम गेल्यासारखं. निमाईबाबू दाराच्या फटीला कान लावून उभे होते. "दही दचकेल, बौदी!"

"थर्मोस्टॅटला दचकलं तर दचकलं, व्याह्यांना दचकायची त्याची हिंमत नाही," मी म्हटलं. मधूनमधून आत जाऊन मी थर्मामीटर बघत होते. एकोणतीस. एकोणतीस. मग तीस. आत्या-मावशीचा बनारसीवरून नवीन मुद्दा निघाला तेव्हा साडेतीस. चौघेही घामाघूम, पण एकानेही जागा सोडली नाही.

संध्याकाळी फ्यूजवाला आला, दिवे लागले. गगनबाबू डोळे चोळत बाहेर आले. "झक्कास खोली आहे," म्हणाले, "फक्त बिछाना जरा गुठळ्यागुठळ्यांचा आहे." आणि वरातीत सामील व्हायला गेले. आम्ही मडकी उघडून बघितलीच नाहीत. निमाईबाबूंचा धीरच झाला नाही. ती तशीच, श्वास रोखून, हॉलवर नेली.

एक सांगते, माझा अभिमान जरा दुखावला होता. एवढे नेमके दोनशे वॅट काढले, आणि ऐन वेळी माझा हीटर नुसता भिंतीवर लटकत राहिला. दही लागलं तर श्रेय मला नाही, न लागलं तर नाव माझंच. या धंद्यात हे असंच असतं.

पंगत बसली. लुची झाली, मासे झाले, चटणी-पापड झाला. मग दह्याची मडकी आली. गगनबाबूंनी नवा रेशमी कुर्ता घातला होता. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, मडकं उचललं आणि हात लांब करून स्वतःच्याच मांडीवर उलटं धरलं. निमाईबाबूंनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांच्या मागे टुंपाची आई पदराचं टोक पिळत उभी होती. आमच्या ह्यांनीसुद्धा हातातला रसगुल्ला खाली ठेवला.

काही पडलं नाही. गगनबाबूंनी मडक्याच्या बुडावर टिचकी मारली. तरी नाही. चांगली जोरात चापट मारली. दही जागचं हललं नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी चमचा घातला, लालसर, घट्ट वडी निघाली. खाल्ली. पुन्हा खाल्ली. मडकं खरवडून संपवलं आणि दुसरं ओढलं. टुंपाच्या आईने पदर तोंडाला लावला. निमाईबाबूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, मुलीच्या कन्यादानालाही आलं नव्हतं इतकं.

गगनबाबूंनी चमचा चाटला. "मान गये," ते म्हणाले. "आमच्या नवद्वीपलाही असं लागत नाही. पण एक सांगा, निमाईबाबू, एवढी थंडी, दुपारभर वीज नाही, शेगड्या इथे हॉलवर. मग दह्याला ऊब कुणाची दिलीत?"

निमाईबाबूंनी डोळे पुसले, दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकून म्हणाले, "आपलीच, बेयाईमोशाय."